रेडिएटरमधली हळद

मामाजी,

तुमची गाडी मागच्या महिन्यात खोलली. तुम्ही असता तर खुर्ची टाकून शेजारी बसला असता आणि मिस्त्रीला दर दोन मिनिटांनी टोकलं असतं, म्हणून वाटलं, झालं ते सुनेनेच तुम्हाला सांगावं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात तिला कोणी आपली गाडी म्हणत नाही. आई अजूनही 'त्यायची गाडी' म्हणतात.

झालं असं, की जाम गावाच्या पुढे राहणाऱ्या मावशी, आईंच्या धाकट्या बहीण, अंथरुणाला लागल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ आईंना समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, "मले एकदा तिचं तोंड पाहू द्या." पण आईंचे गुडघे आता पार गेले आहेत. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही आणि भाड्याच्या गाड्या उंच. एकदा मी खालून आणि यांनी वरून धरून पाहिलं, तर त्या मध्येच अडकल्या आणि म्हणाल्या, "सोडा मले, मी का जवारीचं पोतं आहो?" तुमची गाडी बुटकी. तिच्यात त्या पाठमोऱ्या टेकतात, मग मी त्यांचे पाय उचलून आत ठेवते. जायचं तर याच गाडीने जायचं, दुसरा उपाय नव्हता.

गावातल्या गावात गाडी बरी चालत होती. मंदिर, बाजार, दवाखाना, कधी कुरकुर नाही. पण मोठ्या रस्त्याला लागून थोडं अंतर गेलं की तापमानाचा काटा वर चढायला लागायचा, आणि जाम यायच्या आतच लाल खुणेला टेकायचा. पहिल्या वेळी आम्ही बाभळीखाली थांबून इंजिन निवू दिलं आणि परत फिरलो. मावशींसाठी कोथिंबीर भरून केलेल्या सांबारवडीचा डबा आईंनी मांडीवर तसाच धरून ठेवला होता. बोरगावच्या मिस्त्रीने पंख्याला दोष दिला आणि तो थेट बॅटरीवर जोडून दिला. दुसऱ्या वेळी निघताना मी स्टिअरिंगला कुंकू लावलं, नामस्मरण करत बसले, आणि तरी काटा चढला. परत आल्यावर मिस्त्री म्हणाला, "काकू, हेडचं पॅकिंग गेलं असन. इंजिन खोला लागते." हे म्हणाले, "त्यापेक्षा विकून टाकू हे डबडं." त्याच संध्याकाळी मावशींच्या मुलाचा फोन आला, की मावशी आता फक्त पेज घेतात.

त्या रात्री हरिपाठात माझं लक्ष लागेना. डोळ्यांसमोर तुम्ही येत होता. सकाळची वेळ आहे, मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहे, आणि खिडकीपलीकडे तुम्ही बॉनेट उघडून उभे आहात. मला हाक मारता, "सूनबाई, पाणी आन." मी बोअरच्या पाण्याचा लोटा घेऊन येते. तुम्ही ऑइलचं झाकण काढून आतली बाजू दाखवता आणि म्हणता, "हे पाह्य. इथं दुधावानी साय दिसली तर पाणी आत शिरलं समजजो. आन रेडिएटरात बुडबुडे आले तर इंजिन गेलं." मला कशाला सांगता, असं मी कधी विचारलं नाही. मुलगा उशिरापर्यंत झोपायचा आणि तुम्हाला ऐकणारं कोणीतरी पाहिजे होतं, इतकंच मला समजत होतं.

सकाळी पूजा आटोपून मी गाडीपाशी गेले. ऑइलच्या झाकणाखाली साय नव्हती. गार गाडीचं रेडिएटर उघडून यांना चालू करायला लावलं, तर बुडबुडेही नव्हते, म्हणजे पॅकिंग गेलेलं नव्हतं. मग झाकण लावून गाडी तापू दिली, बंद केली, पंख्याची वायर काढली आणि तुम्ही करायचे तसा हात रेडिएटरवर वरून खाली फिरवला. वरचा भाग हात टेकवू देईना. खालचा अर्धा भाग मात्र गारच होता, तव्याचा कडेचा भाग विस्तवाबाहेर राहावा तसा. गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं.

मिस्त्रीला हे सांगितलं तेव्हा त्यानेही हात फिरवून पाहिला. "बरोबर आहे काकू, खालून जाम आहे हे. तुम्ही गॅरेज टाकून राहिले का? मी येतो तुमच्याकडं कामाले." त्याने रेडिएटर उतरवलं, पितळी टाकीचा डाग दिलेला सांधा सोडवला आणि नळ्यांमधून बारीक पट्टी फिरवायला घेतली. जे बाहेर आलं ते पांढरं आणि पिवळं होतं, वाळलेल्या पिठल्यासारखं. मिस्त्रीने वास घेतला. "हळद टाकली कोणं यात?"

कोणी टाकली ते मला माहीत होतं. मावशींच्या मुलीच्या लग्नाहून येताना जामच्या चौकात रेडिएटर गळायला लागलं, आणि तुम्ही ढाब्यातून मूठभर हळद आणून आत टाकली. गळती थांबली. गाडीत बसलेल्या सगळ्यांनी वाहवा केली. मी नवी होते, न राहवून विचारलं, "मामाजी, वरणातली हळद बुडाशी बसते. इथं नाही बसणार?" तुम्ही म्हणालात, "चुलीजवळचं डोकं इथं नको चालवू." सगळे हसले, हेसुद्धा. पुढे दर उन्हाळ्यात तुम्ही हळदीचा डबा मागायचे आणि मी न बोलता आणून द्यायचे. पांढरं जे होतं ते बोअरच्या खाऱ्या पाण्याचं. त्या पाण्याऐवजी घालायच्या कूलंटच्या बाटलीच्या खर्चाला मीही कधी हो म्हटलं नव्हतं. पण मी बघत होते ते पिवळंच. वाईट वाटायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं, आणि बराच वेळ वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी, या वेळी कूलंट भरून, आम्ही निघालो. बाभळ मागे पडली, जामचा चौक मागे पडला, काटा मध्यावरून हलला नाही. मावशींनी आईंना ओळखलं. वडीचा तुकडा जिभेवर ठेवून म्हणाल्या, "खसखस नाई टाकली काय?" आई म्हणाल्या, "जीभ तर अजून चालून राह्यली तुयी. मंग झोपली काऊन?" दोघी हसल्या. मग आईंनी त्यांचे केस विंचरून दिले. मावशी त्याच आठवड्यात गेल्या.

त्या दिवशी परत येताना आईंनी विचारलं, "काय झालतं गाडीले?" यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. गॅरेजमध्ये तेही होते. मी म्हटलं, "पाणी खारं होतं, आई. नळ्या भरून गेल्या होत्या." आई म्हणाल्या, "ते असते तं कवाच पकडलं असतं." मी म्हटलं, "हो."

हा कागद मी फाडून टाकणार आहे. आई हाती लागेल तो कागद नातीकडून वाचून घेतात. आईंचं मन राखायला मी हो म्हटलं, असं मी यांना सांगितलं, आणि ते त्यांना पटलं. पण मामाजी, गारठलेल्या भागापर्यंत माझा हात नेला कोणी? हो म्हणताना मलाही आईंसारखंच वाटत होतं, की तुम्ही असता तर कधीच पकडलं असतं.