डाव्या हाताची थोबाडीत

मी, मारुतराव भिमाजी ढमढेरे, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती व खोल्या भाड्याने देणे, राहणार कारेगाव, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, पूर्ण शुद्धीवर राहून माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जुन्या सिनेमांबद्दलची माझी मते ऐकण्याआधीच त्यांनी तो दिला, हे माझे नशीब.

१. राहते घर पत्नी दगडाबाई हिचे. तिने माझ्याबरोबर पुष्कळ अभिजात चित्रपट पाहिले, म्हणजे मध्यंतरापर्यंत पाहिले आणि पुढे झोप काढली. शेवट काय झाला हे ती सकाळी विचारी आणि मी दुपारपर्यंत सांगे. हा छळ तिने हसत सोसला. त्या मानाने घर कमीच आहे.

२. कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या खोल्या व विहिरीकडचे शेत मुलगा विक्रम आणि मुलगी सुलक्षणा यांना निम्मे निम्मे. खोली देण्याआधी भाडेकरूला आवडता जुना सिनेमा विचारण्याची माझी पद्धत विक्रमने बंद करावी. तिच्यापायी कोपऱ्यातली खोली कायम रिकामी राहिली.

३. माझ्या सगळ्या सीडी दौंडचे जावई सत्यजीतराव यांना. ते रंगीत मारधाडीला ‘क्लासिक’ म्हणतात. सीडी लावायचे यंत्र बिघडले आहे, हे त्यांना आधी सांगू नये.

४. आता मुख्य बाब. लहानपणी जत्रेतल्या तंबूत मी एक काळा-पांढरा सिनेमा पाहिला. त्यात नायिका भर बाजारात सावकाराच्या थोबाडीत मारते, तीही डाव्या हाताने. त्या डाव्या हातावर मी ‘चित्रपट अभ्यासक’ झालो. उजवा हात जेवणाचा, डावा अपमानाचा, काय ही दिग्दर्शकाची नजर, असा लेख दिवाळी अंकात लिहिला. वाचनालयात भाषण ठोकले. त्या भाषणात माझा बालमित्र बन्सी मधेच उठून म्हणाला, “मारुती, उजवा हाय त्यो. म्या म्होरं बसून बघितलाय.” तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी बन्सी शिरूरहून येतो, ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत बसतो आणि आम्ही भांडतो. चहा दोनदा होतो.

५. गेल्या महिन्यात नात नीलम हिने तोच सिनेमा मोबाइलवर शोधून काढला. सावकाराच्या थोबाडीत बसली. उजव्या हाताने.

मी म्हणालो, “मोबाइल उलटं दाखवतोय.”

“मग दुकानाच्या पाटीवरची अक्षरं सुलटी कशी, आप्पा? तुम्ही तंबूत बसला होता कुठं?”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या जत्रेत पुरुष पडद्यासमोर बसत आणि बायका पडद्यामागे. कापडातून चित्र आरपार दिसे, फक्त उलटे. मी आईच्या मांडीवर, बायकांत. अक्षरओळख नव्हती, त्यामुळे नावे उलटी आलेलीही कळली नाहीत. दिवाळी अंकाच्या संपादकांना मी अजून कळवलेले नाही.

६. मी जिवंत असेपर्यंत हे बन्सीला कळता कामा नये. वाद मिटला तर तो येईल कशाला? दुखरे गुडघे घेऊन एसटीने माझ्याकडे येणारा दुसरा कोणी उरलेला नाही, आणि ती खुर्ची रिकामी राहील याची मला खरोखर भीती वाटते. मी गेल्यावर नीलमने त्याला सिनेमा दाखवावा आणि “आप्पा हरले” एवढेच सांगावे. वेताची खुर्ची बन्सीला द्यावी.

७. साक्षीदाराने माझी सही पाहायची असते, मजकूर वाचायची गरज नसते, असे वकील सांगतात. म्हणून बन्सीलाच बोलावले आहे. तो चष्मा नेहमी घरी विसरतो.

ठिकाण: कारेगाव
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५
सही: मारुतराव भिमाजी ढमढेरे

साक्षीदार १: रोहिदास गेनू पाचर्णे, किराणा दुकानदार, कारेगाव. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: बन्सी सखाराम ओव्हाळ, शिरूर. माझ्यासमोर सही केली. चष्मा आज आणलाय. मारुती, पडद्याखालून वाकून बघितलं की तू आईच्या मांडीवर दिसायचास. मला तवापास्नं ठावं हाय. मीबी कवा बोललो न्हाई, तू चहाला बोलवायचा बंद झाला असतास. बाजारला येतो. हात डावाच व्हता.