रुसवे शाबूत, कारणं गायब

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला? (सुरुवात रीत म्हणूनच केली होती, पण लिहिता लिहिता खरंच काळजी वाटायला लागली.) तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

ताई, मी ॲप बनवलं! स्वतः! रविवारी आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण माझ्याकडे आहे. कोणाला कोणाशेजारी बसवायचं या धास्तीनं मी सगळ्या नातेवाइकांची मोबाइलमध्ये नोंद करायची ठरवली. प्रत्येकाचे रकाने: नाव, नातं, कोणावर रुसवा आहे का, आणि कारण. माहिती सगळी आईची. ती एका दमात सांगत गेली, मी टाइप करत गेले. पण फोनची साठवण भारी हट्टी. अक्षरं, आकडे, हो-नाही एवढंच ती घेते. अख्खी आत्या घेत नाही. आत्याला आधी सुटं करून साध्या मजकुरात उतरवायचं, तो मजकूर ठेवायचा, आणि ॲप उघडलं की त्यातून आत्या पुन्हा जुळवायची. (घर बदलताना पलंग नेतात ना, तसं.) हे जमलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग ॲप बंद करून पुन्हा उघडलं. सगळे परत आले, रुसव्यांसकट. पण कारण प्रत्येकाचं रिकामं! सुटं करताना नेमका तोच रकाना उतरवायला मी विसरले होते. हे म्हणाले, "मग चुकलं कुठे? तुझं माहेर हुबेहूब उतरलंय."

तो रकाना मी जोडला, पण गेलेली कारणं आई पुन्हा सांगेना. ("एकदा सांगितलं ना!") शेवटी काकूलाच फोन केला, तू आत्यावर का रुसली आहेस म्हणून. (असं विचारणं बरं दिसतं का, हा विचार फोन लागल्यावर आला.) काकू म्हणाली, "आता आठवत नाही गं, पण मी सोडणार नाहीये." आत्यालाही आठवेना, उलट काकूला आधी फोन केला म्हणून ती आता माझ्यावर रुसली आहे. पण ताई, हे कारण मी लगेच भरलं, ॲप बंद केलं, उघडलं, आणि ते जसंच्या तसं परत आलं! मला इतका आनंद झाला, की आत्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं. (हे चांगलं लक्षण नव्हे.)

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्या नावापुढे 'रुसवा: हो, माझ्यावर' असं आहे. कारण तिथेही रिकामं आहे, पण ते ॲपनं हरवलेलं नाही. ते आईला माहीत नव्हतं, आणि मलाही नाही. रविवारी ये आणि सांग. माझ्याशेजारची खुर्ची तुझी.

ता. क. २. आणि नुसता तुझा फोनच बिघडला असेल, तर तसं कळव. लगेच 'नाही' करते. 'नाही'सुद्धा नीट साठतं, मी आधीच करून पाहिलंय.