कस्तुरीचे कोपऱ्यातले दात

दारव्हा
८ जानेवारी २०२५

ती. लखीरामभियास, धाकट्या पुष्पाचा सा. न. वि. वि.

दिवाळीपासून तुम्हाला चार ओळी लिहिल्या नाहीत, क्षमा असावी. स्कूटीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये आहे, हे कारण खरं आहे पण पुरेसं नाही. हात धड होते.

काल तुमच्या तांड्यातून फोनवर अर्धंच ऐकू आलं. अशा बाबतीत अर्धं ऐकणं घातक, म्हणून हे पत्र तुमच्याकडे फेऱ्या मारणाऱ्या अतुलच्या जीपबरोबर पाठवते. मला कळलं ते असं: वरातीसाठी घेतलेली तुमची घोडी कस्तुरी लाळ गाळते, चारा चघळून त्याचे बोळे बाहेर टाकते, मान झटकते. विकणाऱ्याने ती सात वर्षांची सांगितली होती. त्या वयात घोडीचे सगळे दात येऊन गेलेले असतात, म्हणून दात येण्याचा त्रास मी धरत नाही. काटा रुतला असेल. पण गिळता न येणं हे पिसाळल्याचंही लक्षण आहे.

तिथले गुरांचे डॉक्टर येईपर्यंत तिच्या तोंडात कुणीही हात घालू नये. तिला वेगळी बांधा. तिला कुत्रं चावलं होतं का? जबड्याला बाहेरून सूज दिसते का? पुढचे दात कसे दिसतात? एवढं लगेच कळवा. जमनीवहिनींना सांगा, ही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची ऑर्डर नाही. मी घाबरले आहे.

तुमची माया आहेच, ती या आळशी बहिणीवरून कमी करू नये.
पुष्पा

*

तांडा, ता. झरी जामणी
१० जानेवारी

चि. पुष्पास लखीरामचे अ. उ. आ.

तुहं पत्र भेटलं, पण जरा उशिरा. काटा पाहाले मी आदल्या दिवशीच तिची जीभ बाजूले धरून हात घातलता. बोटाले दात लागला, जरासंच कापलं. तुह्या वहिनीनं हळद लावली अन् तवापासून मले शिव्या देऊन राह्यली.

कुत्र्याचं म्हणशील त एक भटकं तिच्यामागं लागलतं. मीच हाकललं. तिले चावलं नाई, हे मी पाह्यलं हाये. जबड्याखाली दोन्हीकडं सुपारीएवढे गुंबे आले. पुढचे दात खाली सहाच्या सहा हायेत. मधले चार मोठे, पिवळट. कोपऱ्यातले दोन बारके अन् पांढरेफेक. बैलाचे दात मी बापूच्या मांडीवर बसून मोजाले शिकलो. सहाही भरले, म्हणून सात वर्षांची मीही मानली.

आपल्या तांड्याचा नायक धावजी म्हणते, तांड्यात लेकरं हायेत, सोमवारपर्यंत पाहू, नाईतर घोडीले संपवून टाकू. मी त्याले काय सांगू ते लिही. तू लहानपणी शेळीले बाभळीच्या काट्यानं इंजेक्शन देत होती, तवा तुले काई विचारा लागत नव्हतं. आता विचारतो.

तुहा भिया
लखीराम

*

दारव्हा
११ जानेवारी

ती. भियास सा. न.

आधी तुमच्या बोटाचं. हे वाचताच जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा आणि आज नाहीतर उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन कुत्रं चावल्यावर देतात ती लस सुरू करा. घोडीचं काय होतं याची वाट पाहू नका. सगळे डोस घ्यायचे. हळदीने हे भागत नाही.

आता घोडी. तुम्ही मोजणीत चुकला नाहीत, पण घोड्याचे दात मोजून भागत नाही. कोपऱ्यातले ते बारके पांढरे दात दुधाचे आहेत. घोडीचे ते साडेचार वर्षांच्या सुमारास पडतात. म्हणजे कस्तुरी सात वर्षांची नाहीच, चारच्या आतबाहेर असेल. त्या वयात दाढा बदलतात. कधी दुधाच्या दाढेचं टोपण नव्या दाढेवर अडकून बसतं, गालात रुततं. जबड्याखालचे गुंबे त्या नव्या दाढांच्या मुळांचे असतात. विकणाऱ्याचं वय मी न तपासता खरं धरलं आणि तुम्हाला भलतीकडे वळवलं, हे मला कालपासून बोचतंय.

तरी हा अंदाज आहे. धावजींना माझा नमस्कार सांगून म्हणावं, डॉक्टर मंगळवारी येतात, तोवर थांबा. घोडी सरळ चालते का, पाण्याकडे जाते का, उगाच खांबाला चावते का, हे लांबून पाहा.

मनापासून घरच्या सगळ्यांची
पुष्पा

*

तांडा
१६ जानेवारी

चि. पुष्पास आशीर्वाद.

घोडी वाचली. डॉक्टरनं आधी तिले चालवून, पाणी दाखवून पाह्यलं. मग गुंगीची सुई देली, लोखंडी कडं लावून जबडा उघडला, हातमोजे घालून बॅटरी मारली. तू म्हणली तेच निघालं. दुधाच्या दाढेचं टोपण आडवं होऊन गालात घुसलतं. चिमट्यानं काढलं. संध्याकाळी तिनं कुटार खाल्लं, एक बोळा टाकला नाई. धावजी सोता तुरीचा भुसा घेऊन आला अन् गव्हाणीत टाकून गेला. तुही वहिनी म्हणते, ज्याले घोडीचं वय कळलं नाई त्याले बायकोचं काय कळन.

माही पयली सुई बारा तारखेले झाली. दुसरी काल होती, पण तुरीवर थ्रेशर आलतं, मजूर सोडून कसा जाऊ. आता घोडीच चांगली निघाली त कायले घ्याची.

एक सांगाचं राह्यलं. ते कुत्रं हाकलताना माह्या पोटरीले दात लावून गेलतं. रक्त म्हणशील त दोनच थेंब. परवा ते नाल्यात मेलेलं दिसलं, असं लोक म्हणते.

पाय सांभाळ.
लखीराम

*

दारव्हा
१७ जानेवारी

ती. भियास सा. न.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घोडीला कुत्रं चावलं का, एवढंच मी विचारलं. तुम्हाला चावलं का, हे विचारलंच नाही. एका दाढेत इतकी गुंतले, की माझ्यासमोर माणूस होता हे सुटलं.

कस्तुरी खाते म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. तिच्या तोंडात टोपण होतं, कुत्र्याच्या तोंडात काय होतं ते कुणी पाहिलेलं नाही. पोटरीची जखम भरली असली तरी तीही दवाखान्यात दाखवायची आहे. चुकलेली सुई घ्यायचीच, पण नुसती लस पुरेशी नाही, जखमेत रेबीजचं सीरम द्यावं लागतं आणि ते पहिल्या डोसपासून आठवड्याच्या आतच. तो आठवडा परवा संपतो.

फोन लावला. वहिनींना ‘पोटरी’ एवढाच शब्द ऐकू गेला आणि त्या रडायला लागल्या. त्यांना सांगा, अजून वेळ आहे. तुम्हाला मात्र सांगते, फार नाही. हे पत्र संध्याकाळच्या बसच्या वाहकाकडे देते. तुरी शेतातच राहू द्या. उद्या कुठेही जाऊ नका, अंगणात बसून राहा. रागवायचं ते मला गाडीत रागवा.

तुमची
पुष्पा

(पुष्पाच्या वहीतली त्याच रात्रीची नोंद) उद्या: प्लास्टरसकट अतुलच्या पहिल्या जीपने तांड्यावर जाऊन भियाला यवतमाळच्या दवाखान्यात नेणे.