रुद्रम्मांच्या बोटांत दोष नव्हता, अशी नोंद मिळणेबाबत

दिनांक : ९ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. तालुका नियंत्रण अधिकारी,
ग्रामसेवा केंद्रे, मुरुम विभाग, जि. धाराशिव.

अर्जदार : प्रेमानंद बाबू ओव्हाळ, संगणक चालक, ग्रामसेवा केंद्र, मौजे हळदवाडी.

विषय : संगणकाचा डिफॉल्ट रूट चुकीच्या जोडणीवर ठेवल्याने एका वृद्धेचा अंगठा नाकारला गेल्याची कबुली व तशी नोंद मिळणेबाबत.
संदर्भ : केंद्राच्या नोंदवहीतील दि. ११, १८ व २५ नोव्हेंबरच्या नोंदी.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सविनय सादर करतो की,

१. केंद्राच्या संगणकाला कार्यालयाची केबल आहे. हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा तपासणारा सर्व्हर फक्त त्या केबलवरूनच गाठता येतो. केबल संथ असल्याने दुपारी दोननंतर, गर्दी ओसरली की, अर्जदार स्वतःचा मोबाइल संगणकाला जोडून कुस्त्या पाहत असे. दोन जोडण्या एकदम असल्या की ज्या जोडणीचा प्राधान्याचा आकडा लहान, तिकडून संगणक सगळे पाठवतो. ती ठरलेली वाट म्हणजेच डिफॉल्ट रूट. कुस्ती मध्येच अडकू नये म्हणून अर्जदाराने मोबाइलचा आकडा मुद्दाम लहान केला होता.

२. श्रीमती रुद्रम्मा स्वामी, वय ७१, रा. वरची वाडी, या बाळंतिणींना व तान्ह्या लेकरांना न्हाऊ-माखू घालतात. अर्जदाराच्या मुलीला, संघप्रियाला, त्यांनीच सव्वा महिना तेल लावले. त्यांची गाडी अडीचला येते. सकाळी आलेल्या सर्वांचे अंगठे उठले, त्यांचा तिन्ही वेळा उठला नाही. पडद्यावर 'पडताळणी अपूर्ण' असे येई व खाली बारीक अक्षरांत 'सर्व्हरशी संपर्क नाही'. ती बारीक ओळ अर्जदाराने वाचली नाही. खरे सांगायचे तर एकदा वाचली होती. तरीही तो म्हणाला, "अव्वा, तुमची बोटं झिजली. आता ह्यांचा काय उपयोग न्हाय."

३. हे वाक्य त्या घरी घेऊन गेल्या. त्यांनी भांडी घासणे सोडले, बोटांना लोणी चोळले. तिसऱ्या वेळी त्या उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळून आल्या होत्या. दरम्यान दोन घरची बोलावणी आली, ती त्यांनी परत पाठवली. वाडीत त्यांची बोटे निकामी झाल्याचा बोभाटा झाला, तेव्हापासून कोणी बोलावत नाही.

दि. २८ रोजी तंत्रज्ञ श्री. राजशेखर दुपारी प्रिंटर दुरुस्तीस आले. त्यांनी पडदा पाहून विचारले, "ओव्हाळ, समदं तुमच्या फोनवरून बाहेर चाललंय. मग अंगठ्याला सर्व्हर सापडायचा कुठनं?" त्यांनी त्या सर्व्हरसाठी केबलची वाट कायमची बांधून दिली व मोबाइलचा आकडा वाढवला. दुसऱ्या दिवशी रुद्रम्मांचा अंगठा पहिल्याच खेपेस उठला, दाखला निघाला. त्या हरखून म्हणाल्या, "लोणी लागू पडलं बघ." अर्जदार गप्प राहिला. ते गप्प राहणेही या कबुलीत धरावे.

४. काल, रविवारी, अर्जदाराने त्यांच्या घरी जाऊन सर्व सांगितले. त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, "म्हंजी त्या दोन लेकरांना म्या उगंच न्हाय म्हनलं व्हय?" त्या रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर बरे झाले असते. एवढेच म्हणाल्या, "कागदावर लिहून आण. बाया नुसत्या तोंडी बोलण्यावर इस्वास ठिवायच्या न्हाईत."

सबब विनंती की, कार्यालयाच्या शिक्क्यानिशी पुढीलप्रमाणे पत्र मिळावे : रुद्रम्मा स्वामी यांच्या बोटांत कधीही दोष नव्हता. दोष कोणाचा, तिथे अर्जदाराचे पूर्ण नाव लिहावे. कृपया 'तांत्रिक अडचण' असे लिहू नये. पत्र टपालाने पाठवू नये. अर्जदार स्वतः येऊन नेईल व वाडीच्या नळावर, बाया पाण्याला जमतात तेव्हा, त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवील. त्यानंतर जी कारवाई होईल ती मान्य आहे.

आपला नम्र व दोषी,
(सही)
प्रेमानंद बाबू ओव्हाळ

सोबत :
१) नोंदवहीच्या तीन पानांच्या प्रती
२) दुरुस्तीपूर्वीच्या व नंतरच्या रूटची छापील यादी