साहेबांचं जेवण

मंगळवार, १४ मार्च

प्रिय ठके,

आशीर्वाद आहेतच. तुझं ट्रेनिंग नीट चालू असेल, जेवणाची आबाळ होत नसेल असं धरून चालतो.

तू गेल्यापासून तुझ्या बोक्यासाठी, म्हणजे आपल्या साहेबांसाठी, मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो. जुना वजनकाटा उघडून ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवेल असा केला. खिडकीत चढायला उतरती फळी केली, पंजे घसरू नयेत म्हणून तिला दोरी गुंडाळली. भंगारातला पंप लावून पाणी प्यायला छोटंसं कारंजं केलं. आणि जेवण. ते तर पहिल्यापासून शेवटपर्यंत माझंच.

तू ठेवलेल्या कोरड्या खाण्याच्या पिशवीवर प्रथिनं, चरबी, पाणी, राख सगळं छापलं होतं. पिठाचा भाग किती, ते मात्र गुलदस्त्यात. मी शंभरातून बाकीचं वजा केलं. तिसऱ्या हिश्शाहून जास्त पीठच निघालं! मधुमेहाच्या मांजराला पीठ चारायचं म्हणजे आगीत तेल. मग कोंबडीचा खिमा, थोडी कलेजी, वर मांजरांसाठी मिळते ती सत्त्वांची पूड, सगळं तोलून. साहेबांनी ताटली अशी चाटली की घासायचं काम उरलं नाही.

तू फोनवर विचारायचीस, "बाबा, साहेब काय करतायत?" मी म्हणायचो, "झोपलेत." शुक्रवारीही तेच म्हणालो, शनिवारीही.

झोपले नव्हते. दवाखान्यात होते.

शुक्रवारी सकाळी फळीवरून उतरताना त्यांचे मागचे पाय लटपटले. मला वाटलं, फळीचा उतार चुकला. मी गुण्या घेऊन कोन मोजायला बसलो. मी कोन मोजत होतो, ठके, आणि माझ्या पाठीमागे ते आचके देत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाणं तुम्ही उत्तम निवडलंत." तशातही माझी छाती फुगली. "पण अशा खाण्याने साखर उतरते, मग सुईतलं औषधही कमी करावं लागतं. तुम्ही जुन्याच मापाने टोचत राहिलात. कुणाला विचारलं नाहीत?"

मोटारी दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. भार काढून घेतला आणि जोर तोच ठेवला तर काय होतं, हे मी गिऱ्हाइकांना ऐकवत असतो.

मी म्हणालो, "मला कुणी सांगितलंच नाही."

साहेबांना धरून उभी असलेली दवाखान्यातली चष्मेवाली मदतनीस माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाई तिच्यावरच घसरल्या, "सुया देताना एवढंही सांगता येत नाही?"

ती म्हणाली, "चुकलं, मॅडम."

साहेब आता घरी आहेत, जेवतात. पण त्यांना नीट दिसत नाही. खुर्चीला धडकतात आणि जणू मुद्दामच धडकलो अशा थाटात अंग चाटत बसतात. तेवढं माझ्यावर गेलेत. नजर परत येईलही, नाहीही, असं म्हणतात. आल्यावर तू त्यांना तुझ्या नव्या जागेत नेते म्हणालीस, तर मी "का" म्हणून विचारणार नाही.

उद्या दवाखाना उघडला की जाऊन डॉक्टरीणबाईंना, त्या मुलीच्या समोर, खरं काय ते सांगणार आहे. तुला आजच लिहितोय, म्हणजे उद्या माझा पाय मागे सरायला नको.

खरं ते असं. सुया आणायला गेलो तेव्हा मी तिच्यापुढे नव्या जेवणाची फुशारकी मारली. ती म्हणाली, "काका, खाणं बदललंत तर साखर रोज बघायला हवी, सुईचं माप उतरवावं लागेल. मी घरी जाता जाता येईन, कानातून थेंबभर रक्त घेऊन बघून जाईन." मी म्हणालो, "बाई, मला शिकवू नका. मी आजवर कुणाकडून काही शिकलो नाही."

दिवसाला चाळीस रुपये मागत होती.

तुझा,
बाबा