प्रीतीचा कापलेला प्रश्न

प्रिय लोकेश,

तू फोन उचलत नाहीस. उचलला असतास तरी माझ्याकडून धड बोलणं झालं नसतं. परवा आपलं नाटक टीव्हीवर लागलं. प्रीतीच्या आईनं, कृष्णाबाईंनी, सगळी गल्ली घरात गोळा केली होती. पोरं टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेली. विद्यानगरच्या हॉलमध्ये आपण दोघांनी ही मुलं पहिल्यांदा जमवली, तेव्हा तू म्हणाला होतास, 'पुस्तकातला नागरिक हात जोडून उभा असतो, आपला नागरिक हात वर करून विचारील.' त्या एका वाक्यावर मी माझ्या संध्याकाळी देऊन टाकल्या. मुलांनी नाटकात वॉर्डसभा उभी केली, निम्मी कन्नडमध्ये, निम्मी मराठीत. प्रीती नाटकातल्या नगरसेवकाला विचारायची, 'शाळेजवळचं गटार उघडं का? आमची कविता पडली तेव्हा तुम्ही कुठं होता?' आपल्या मुलांतली कविता खरंच त्या गटारात पडली होती, हात मोडला होता. पुढं तू चॅनेलमध्ये लागलास, कॅमेरा घेऊन आलास आणि म्हणालास, 'एक शब्द कापणार नाही, राणी.'

आणि दिसलं काय? मुलं झेंडे हलवतायत, खरा नगरसेवक पेढे वाटतोय. प्रीती तोंड उघडते, पण ऐकू येतोस तू: 'चांगला नागरिक गटारात कचरा टाकत नाही.' दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर मनाची काहीतरी समजूत घातली असती रे. शेजारी टाळ्या वाजवत होते. प्रीती मान खाली घालून बसली. हात अजून प्लॅस्टरमध्ये असलेली कविता हळूच म्हणाली, 'अक्का, म्हणजे चूक माझीच?' कृष्णाबाईंनी टीव्ही बंद केला. कविताला उत्तर आता तू दे.

येत्या रविवारी संध्याकाळी दुर्गदबैलच्या बाजारात आम्ही नाटक रस्त्यावर करतोय, अख्खं. तुला बोलवायचं की नाही, यावर मुलांनी मतं घेतली. प्रीती उभी राहून म्हणाली, 'नगरसेवकाला समोर बसवून विचारतो, मग लोकेशअण्णाबद्दल पाठीमागं का बोलायचं?' 'नको' म्हणून वर गेलेला हात माझ्या एकटीचाच. मी हरले. निमंत्रण अक्कानंच लिहायचं, हेही त्यांनीच ठरवलं. ते हे. पुढं बस. नाटक संपलं की मुलं तुला विचारणार आहेत.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही,
राणी