यजमानांचं माप

पनवेल, बुधवार, जुलै १९५४

यजमानांचं माप म्हणे! अजून कान तापलेत. रविवारी प्रबळगडाच्या माचीवर बायकांची सभा आहे. गेल्या खेपेला चपला घसरल्या, मी अर्ध्या वाटेवरून परतले आणि त्या बिचाऱ्या ताटकळल्या. म्हणून आज पाणी न शिरणारे बूट मागितले. दुकानदार म्हणाला, "ताई, यजमानांचं माप सांगा."

"चढणार मी आहे. यजमान घरी भाकऱ्या थापणार आहेत."

हसला मेला! बायकांचे असे बूट निघतच नाहीत म्हणाला.

शेवटी पुरुषी जोडच आणला. यजमानांचंच माप! चवड्याला ढिला. बोळे कोंबायला माझं रविवारचं लिहिलेलं भाषण फाडलं. 'भगिनींनो, पाऊल पुढे टाका.' तोंडपाठ आहे.